बोर्डो मिश्रणाच्या गावात

रविवार

निफाड तालुक्यात ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे, त्याला बोर्डो मिश्रण, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीचं औषध, शाळेत जायच्या आधी कळतं. शंभर लिटर पाणी, किलोभर मोरचूद, किलोभर चुना, आणि ढवळायला लाकडाची काठी. लोखंडाचं काही त्यात घालायचं नाही, हा पहिला नियम. आमचे वडील फवारणी करून आले की कोपरापर्यंत निळे असायचे. हे ज्या गावाचं औषध, त्या फ्रान्समधल्या बोर्दो गावात लोक हजारो मैलांवरून वाइन प्यायला येतात, हे मला बरंच उशिरा समजलं. तिथे जायचा योग आला तो आमच्या साडूंमुळे.

साडू पुण्याचे. बँकेतून निवृत्त झाले आणि वाइनमध्ये शिरले. शिरले म्हणजे पिण्यात नव्हे, पितात बिचारे अर्धा पेलाच. पण त्या अर्ध्या पेल्यावर अर्धा तास बोलतात. घरात सहा प्रकारचे पेले आहेत. पाहुण्याने पेला देठाऐवजी पोटाशी धरला की यांच्या कपाळाला आठी. एकदा मी नाशिकच्या चेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती दोन बोटांत धरून लेबल वाचलं आणि म्हणाले, "छान. स्वयंपाकात वापरता येईल."

त्यांचा मुलगा तुलूजला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने बोलावलं म्हणून दोघी बहिणी आणि दोघे साडू असे निघालो. माझी खरं तर तयारी नव्हती. ऑक्टोबर लागलेला, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर. पण धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू जाच. तू बागेत असलास की मजूर कामाऐवजी तुझ्याशी गप्पा मारतात."

तुलूजहून बोर्दो गाडीने अडीच तास. जुन्या शहरात गारोन नदीजवळ तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं, लिफ्ट नव्हती. संध्याकाळी खाली जेवायला गेलो. वेटरने बाटली उघडून साडूंच्या पेल्यात घोटभर ओतली. साडूंनी पेला फिरवला, उजेडाकडे धरला, नाक आत घातलं, डोळे मिटले. वेटर बाटली धरून उभा. मेव्हणी माझ्या बायकोला म्हणाली, "घरी हे असंच चालतं. भाजी गार होते."

तो घोटभर नमुना आवडीनिवडीसाठी नसतोच, हे मला साडूंच्या पोराने हळूच सांगितलं. बुचातल्या बुरशीमुळे एखादी बाटली बिघडते, तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. तसं काही नाही ना, एवढं बघायचं आणि मान हलवायची. नाक लावलं, काम झालं. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजीबाईंनी गुलाबी वाइनमध्ये बर्फाचे चार खडे टाकले आणि चमच्याने ढवळले. साडूंनी मान दुसरीकडे वळवली. पोरगा म्हणाला की इकडे उन्हाळ्यात अर्धा देश असं पितो, त्याला 'पिसीन' म्हणतात, म्हणजे पोहण्याचा तलाव.

सोमवार

सकाळी ट्रामने सिते द्यु व्हॅंला गेलो. वाइनचं हे भलंमोठं संग्रहालय २०१६ मध्ये उघडलं. नदीकाठी उभं आहे, काचेचं आणि धातूचं, वळणं घेत वर गेलेलं. आत एक दालन वासांचं आहे. काचेच्या घंटा, तुताऱ्या, पंप. दाबायचं आणि हुंगायचं. लिंबू, मध, चामडं, शिसपेन्सिलचा भुसा. साडू प्रत्येकापुढे उभे राहून "बरोबर, बरोबर" म्हणत होते, जणू संग्रहालयाने परीक्षा दिली होती आणि हे तपासत होते.

मी अडलो ते ब्लॅककरंटपाशी. कॅबरने सोव्हिन्यॉं या तांबड्या वाइनच्या द्राक्षाचं वर्णन याच्याशिवाय पुरं होत नाही. ते फळ मी उभ्या आयुष्यात झाडावर पाहिलेलं नाही. मला माहीत आहे ते नाशिकच्या आइस्क्रीमच्या दुकानात जांभळ्या रंगाचं मिळतं ते. निफाडच्या माणसाला कॅबरनेत लागतं करवंद. पिकलेलं नव्हे, लालसर, चीक थोडा शिल्लक असलेलं. आणि टॅनिन म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येते ती तुरट ओढ. हे मी बोललो तर साडू म्हणाले, "करवंद टेस्टिंग नोटमध्ये नसतं."

म्हटलं, "ज्याने ती नोट लिहिली त्याने करवंद खाल्लं नसेल."

वाइनची चव वर्णायची शब्दांची पेटी इंग्लंड-फ्रान्सच्या परसातून भरलेली आहे. त्यात चूक काही नाही, त्यांनी जे खाल्लं ते लिहिलं. पण पुण्यात बसून, न पाहिलेल्या फळाचा वास आला असं सांगायचं, आणि ज्याला तो आला नाही त्याचं नाक कच्चं ठरवायचं, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

वरच्या मजल्यावर तिकिटातच एक पेला वाइन मिळते. तिथे खिडकीशी बसून पोराने त्याच्या बाबांना मुद्दाम एक गोष्ट सांगितली. गोष्ट याच शहरातली. इथल्या विद्यापीठात फ्रेडेरिक ब्रोशे याने वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे आधी एक पांढरी आणि एक तांबडी वाइन ठेवली आणि वर्णन लिहून घेतलं. मग पुढच्या खेपेला तीच पांढरी वाइन दोनदा ठेवली, फक्त एकीत वास नसलेला तांबडा रंग घालून. रंगवलेल्या पांढरीला पोरांनी तांबडीची विशेषणं लावली. हा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. त्याचाच दुसरा प्रयोग तर आणखी खट्याळ: एकच मध्यम वाइन, एकदा ग्रां क्रूच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या, बाटलीतून आणि एकदा साध्या टेबल वाइनच्या बाटलीतून. पहिलीला 'संतुलित, गुंतागुंतीची', दुसरीला 'पातळ, हलकी'.

साडू थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विद्यार्थीच होते ना?"

या प्रयोगावरून वाइनचं सगळं ज्ञान म्हणजे थापा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. डोळ्याने नाकाला फसवलं, एवढंच त्यातून कळतं. नाक नाहीच असं कळत नाही. आमच्याकडे व्यापारी बागेत शिरून घड न तोडता नुसत्या रंगावरून गोडीचा अंदाज सांगतो. तो फसतोही, पण म्हणून त्याला द्राक्षातलं कळत नाही असं कोणी म्हणत नाही.

मंगळवार

आजचा दिवस मेदोक या वाइनपट्ट्याचा. शहराच्या उत्तरेला डी २ नावाचा साधा दुपदरी रस्ता जातो, आणि साडूंच्या वहीतली सगळी मोठी नावं या रस्त्याच्या दुतर्फा आहेत. ते पुढच्या सीटवर ताठ बसले होते, पंढरीची वाट असावी तसे.

मी बघत होतो वेली. आमच्याकडे मांडव किंवा वाय टाइप, माणूस खालून चालतो, नऊ बाय पाच फुटांवर लागवड, एकरी हजाराच्या आत-बाहेर वेली. इथे वेल गुडघ्या-कमरेएवढी, ओळींत मीटरभर अंतर, वेलींतही मीटरभर. हेक्टरी दहा हजार. जमीन म्हणाल तर नुसती वाटोळी खडी. आमच्याकडे असलं रान कोणी दान दिलं तरी घेणार नाही. पण पाणी झरकन निघून जातं, दगड दिवसभर तापून रात्री ऊब देतात, आणि वेल हाल काढत मुळं खोल नेते. घड लहान, मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड. पोराने मागून ओरडेपर्यंत मी एक मणी तोंडात टाकलाही होता. गोड होता, साखरेच्या मापात चांगला तेवीस-चोवीस ब्रिक्स, आणि बी करकरीत तपकिरी. तोडणीला आलेला माल.

आणि खाली बुंध्याशी कलमाची गाठ. ती पाहिली आणि मला हसू आलं. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीने इथल्या बागांची मुळं खाल्ली, आणि उपाय सापडला तो अमेरिकन खुंटांवर कलम करण्याचा. आजही या थोर वेली त्याच परदेशी मुळांवर उभ्या आहेत. आमची थॉमसन जातीची द्राक्षवेल उभी आहे डॉगरिज या खुंटावर, तोही मूळचा टेक्सासचा. साडू 'तेरवार, तेरवार' करत होते. मातीचा गुण खरा, पण त्या मातीत शिरलेलं मूळ अटलांटिकपलीकडचं आहे, याची नोंद कुठल्या लेबलवर दिसली नाही.

आता १८५५ ची गोष्ट, कारण इथे तिच्याशिवाय पान हलत नाही. पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरणार होतं, तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत. बोर्दोच्या व्यापारी मंडळाला तिथे मांडायला वाइनची यादी हवी होती. त्यांनी दलालांना सांगितलं, दलालांनी दोन आठवड्यांच्या आत पाच पायऱ्यांची यादी करून दिली. कसोटी कोणती? चव बघायला कोणी बसलं नाही. बाजारात कुणाच्या मालाला वर्षानुवर्षं काय भाव मिळतो, तो बघून उतरत्या क्रमाने नावं लिहिली. पहिल्या पायरीवर चार: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. दलालांच्या दृष्टीने ती नुसती भावपट्टी होती, पण ती तशीच गोठली. त्यानंतर मालक बदलले, शेजारची शेतं विकत घेऊन जोडली गेली, वाइन करायची पद्धत बदलली. पायरी मात्र शातोच्या, म्हणजे वाइन करणाऱ्या वाड्याच्या, नावाला चिकटलेली. कुण्या पणजोबाला मिळालेली पाटीलकी जशी गावकीत पुढे चालत राहते, तसं.

पहिल्या पायरीत नंतर भर पडली ती एकदाच. मुतों रोथशील्ड दुसऱ्या पायरीवर होता. मालकाने आयुष्यभर खटपट केली आणि १९७३ मध्ये त्याला वर घेतलं. त्या सरकारी कागदावर सही होती तेव्हाचे शेतीमंत्री जाक शिराक यांची. पुढे तीन वर्षांनी, २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज दुकानदाराने बाटल्या झाकून चव घेण्याचा कार्यक्रम केला, परीक्षक सगळे नावाजलेले फ्रेंच. तांबड्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ ची. मुतों १९७० दुसरी. पांढऱ्यांतही कॅलिफोर्नियाच पहिली. एका परीक्षक बाईंनी म्हणे आपला गुणतक्ता परत मागितला होता.

हे सगळं साडूंनीच सांगितलं, अगदी रंगून. त्यांना माहीत खूप आहे, आणि सांगतात तेव्हा ऐकावंसं वाटतं. कटकट सुरू होते ती ते माहिती सांगायची थांबवून दुसऱ्याचा पेला तपासायला लागतात तेव्हा.

लातूरच्या दगडी कुंपणापाशी थांबलो. तोडणी सुरू, फाटक बंद. साडूंनी कुंपणाला हात लावून फोटो काढून घेतला. "आमच्या लातूरकरांना पाठवा," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

सें-एस्तेफजवळ कॉस देस्तुर्नेल लागतं आणि आपण कुठल्या देशात आहोत असं क्षणभर होतं. वाइनच्या कोठारावर चक्क पॅगोडे. मूळ मालक लुई-गास्पार देस्तुर्नेल हिंदुस्थानाला माल पाठवायचा. लोक त्याला सें-एस्तेफचा महाराजा म्हणत. त्यातला काही माल न विकता जहाजातून परत यायचा. तेव्हा याच्या लक्षात आलं की परत आलेल्या बाटल्यांची मागणी जास्त आहे. मग त्यांवर 'हिंदुस्थानातून परत' अशी खूण करून तो विकायला लागला. समुद्राच्या हेलकाव्यांनी आणि उन्हाने चवीत फरक पडलाही असेल. पण हिंदुस्थान बघून आलेली बाटली टेबलावर ठेवण्यातली ऐट वेगळीच असणार. आज पुण्यातले लोक बोर्दोहून आलेली बाटली शोकेसमध्ये ठेवतात. तेव्हा बोर्दोवाले आपल्याकडून परत आलेली ठेवत.

परतीच्या वाटेवर सें-जुलियाँला मी गाडी थांबवायला लावली. साडूंना वाटलं मला दुक्रू-बोकायू हा दुसऱ्या पायरीवरचा शातो बघायचा आहे. मला बघायचा होता फक्त रस्ता. १८८२ मध्ये मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक या भागातून चालले होते. त्या साली केवडा या बुरशीच्या रोगाने, म्हणजे आमच्या डाऊनीने, बागा झोडपल्या होत्या. पानं गळलेली, फक्त रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, येणारेजाणारे घड तोडतात म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारलंय. निळं दिसलं की चोर हात लावत नाहीत. त्यावरून त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं. आमचे वडील ज्याने निळे व्हायचे ते असं चोरांच्या भीतीतून निघालेलं आहे. मी तिथे उभा राहून भावाला फोन लावला. तो म्हणाला, "इकडे आभाळ आलंय. निम्मी छाटून झाली. काय म्हणतोस, कुठे आहेस? बोर्डोत? मग दोन पिंपं घेऊन ये."

बुधवार

पाऊस. रेल्वेने सेंतेमिलियोंला गेलो. चुनखडीचा एकच खडक कोरून केलेलं चर्च बघितलं, उताराच्या दगडी गल्ल्यांत बायका दोनदा घसरल्या, मॅकरून घेतले. इथली पायऱ्यांची यादी १८५५ सारखी गोठलेली नाही. १९५५ पासून साधारण दर दहा वर्षांनी फेरतपासणी होते. परिणाम काय, तर कोर्टकचेऱ्या. २०२२ च्या यादीआधी ओझोन, शव्हाल ब्लां आणि आंझेल्युस ही सगळ्यांत वरची नावं स्वतःच बाहेर पडली. आणि शेजारच्या पोमरॉलला यादीच नाही, कधी केलीच नाही. तरी तिथल्या पेत्रुसच्या एका बाटलीच्या पैशांत आमच्याकडे चांगल्या बैलांची जोडी येईल.

घरी कानले नावाचे छोटे केक आणले होते, बाहेरून करपवलेले, आतून मऊ, रम आणि व्हॅनिलाच्या वासाचे. वाइन गाळून स्वच्छ करायला पूर्वापार अंड्याचं पांढरं घालतात, २२५ लिटरच्या पिंपाला पाच-सहा अंडी. उरलेल्या पिवळ्याचं करायचं काय म्हणून हा पदार्थ निघाला, असं सांगतात. हे ऐकून मेव्हणीने हातातला पेला खाली ठेवला. तिचा बुधवारी उपास नसतो, पण अंडं ती कधीच खात नाही. "म्हणजे गेली सहा वर्षं तुम्ही मला घोट घोट अंडं पाजताय?" साडूंनी बेंटोनाइट मातीने गाळण्याची पद्धत, नव्या लेबलांवरची खूण वगैरे सांगायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळी घरात वाइनवर चर्चा झाली नाही.

गुरुवार

सोतेर्न, गोड पांढऱ्या वाइनचं गाव. सकाळी नऊला गावात पोहोचलो तेव्हा दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. सिरों नावाची थंड पाण्याची लहान नदी जरा उबदार गारोनला मिळते, आणि शरदात इथे रोज असं धुकं धरतं. दुपारी ऊन पडतं. ओल आणि ऊन यांच्या या पाळीने द्राक्षावर बॉट्रिटिस ही बुरशी चढते.

वेलीवर जे लटकलं होतं त्याचं वर्णन द्राक्ष उत्पादकांनी बसून वाचावं. मणी तपकिरी-जांभळे, सुरकुतलेले, वर राखाडी लव. बोटाने दाबला तर पाकासारखं काहीतरी चिकटलं. आमच्याकडे असा एक घड पेटीत सापडला तर व्यापारी अख्खी गाडी परत लावतो. इथे बाई कात्री घेऊन त्यातला नेमका कुजलेला भाग कापून घेत होती आणि धडधाकट मणी वेलीवर तसेच ठेवत होती, कुजायला. एकाच ओळीतून अशा अनेक फेऱ्या होतात. शातो दिकेममध्ये एका वेलीची एक पेला वाइन निघते, असं म्हणतात. १८५५ मध्ये या गोड पांढऱ्यांचीही यादी झाली आणि दिकेमला एकट्यालाच सगळ्यांच्या वरची वेगळी पायरी दिली.

साडूंचं एक ठरलेलं वाक्य आहे: गोड वाइन ही नवशिक्यांची. गोव्याची पोर्ट आवडते असं कोणी म्हटलं की ते दयेने बघतात. आज एका छोट्या शातोत निळ्या बुरशीच्या चीजबरोबर सोतेर्न समोर आली. माझ्या बायकोने हुंगून सांगितलं, "साखरआंबा. आईच्या हातचा, वेलदोडा न घातलेला." मालकीणबाईंना पोराने ते समजावलं, त्यांनी साखरआंबा कसा करतात ते विचारून लिहून घेतलं. बहिणी-बहिणींनी पेला संपवला, चीज मात्र कागदात गुंडाळून साडूंकडे सरकवलं. (अंड्याचं काय, हे मेव्हणीने आधी विचारून घेतलं होतं. इथे घालत नाहीत, असं उत्तर आलं.)

साडू म्हणाले, "हे अपवादात्मक गोड आहे."

गोडाचा हा तिटकारा मला कधी कळलेला नाही. आमच्या जेवणात तिखट आहे. जड, तुरट तांबडी वाइन तिखटावर घेतली की टॅनिन आणि दारूचा अंश दोन्ही तो जाळ वाढवतात. तिथे थंड, किंचित गोडसर पांढरी लागते; ती जीभ निववते. मी मिसळीबरोबर चेनिन ब्लां घेतो आणि मला ती जोडी फ्रान्समध्ये खाल्लेल्या कुठल्याही जोडीइतकीच योग्य वाटते. ज्यांनी कोरडी तांबडी ही शहाण्यांची असं ठरवलं, त्यांच्या ताटात रस्सा नव्हता.

शुक्रवार

गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, आंत्र-द्यू-मेरमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम. इथे पॅगोडे नाहीत, दगडी कुंपणं नाहीत. वाटेत एका वळणावर शेताच्या कडेला वेलींचा ढीग दिसला. मुळांसकट उपटलेली खोडं, वर तारांची भेंडोळी. पुढे आणखी एक. पुढे आणखी.

बोर्दो म्हटलं की जगाला आठवतात ती मेदोकच्या यादीतली साठएक नावं. बाकीचे हजारो शेतकरी साधी तांबडी करतात, आणि ती आता खपत नाही. फ्रेंच माणूस १९६० च्या सुमारास वर्षाला शंभर लिटरच्या वर वाइन प्यायचा. आता त्याच्या निम्म्यावरही नाही. ठोक बाजारात अनेकांना लिटरमागे एक युरोही सुटत नाही. २०२३ मध्ये सुमारे ९,५०० हेक्टर बागा उपटायची योजना आली, हेक्टरी ६,००० युरो देऊन. आमच्या यजमानाने निम्मी बाग त्यात काढली. साठीचा गडी, हाताची बोटं माझ्या वडिलांसारखी, सांध्यांशी जाड.

पोराला मध्ये घालून मी त्याला आमची हकीकत सांगितली. २००१ मध्ये महाराष्ट्राचं वाइन धोरण आलं, करार झाले, आम्हीही दोन एकर कॅबरने लावली. सहा वर्षं बरं चाललं. मग मंदी आली, कोठारं भरलेली, आणि ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात कोणी खात नाही. बी मोठी, साल जाड. घड जमिनीवर पाडले आणि पुढच्या खरड छाटणीऐवजी जेसीबी बोलावला. तो ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं, जागी काय लावलं? म्हटलं, थॉमसन. तो म्हणाला, मी सूर्यफूल.

मग त्याने जे सांगितलं ते साडूंना उद्देशून नव्हतं, पण लागलं त्यांनाच. म्हणाला, पॅरिसमध्ये माझ्या पोराच्या वयाची मुलं बोर्दो म्हटलं की नाक मुरडतात. वर त्या सहाशे युरोवाल्या बाटल्या, त्या त्यांना परवडत नाहीत. खालची बोर्दो मागवली तर लोक काय म्हणतील? मग ती बिअर घेतात.

रात्री जेवणाआधी पोराने दोन बाटल्या लोकरी मोज्यांत घालून आणल्या. एक त्याने बाबांसाठी घेतलेली, मार्गो गावातल्या दुसऱ्या एका शातोची, १८५५ च्या तिसऱ्या पायरीवरची, साठ युरोच्या घरातली. दुसरी गावच्या सहकारी संघाची, ज्यात आमच्या यजमानाची द्राक्षं जातात. सुपरमार्केटात सहा युरो. मला वाटलं, आता साडूंची फजिती. बायकोने मला कोपर मारलं, तिलाही तेच वाटलं असावं.

साडूंनी दोन्ही हुंगल्या, घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकायला भांडं मागितलं. मग डावीकडच्या मोज्यावर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, "ही मार्गो. नव्या ओकच्या पिंपाची चव आहे, टॅनिन बारीक आहे. उघडायला घाई केलीस, अजून आठ-दहा वर्षं ठेवायला हवी होती." बरोबर होतं, तंतोतंत. मला दोन्हींतला फरक कळला, पण कुठली कुठली हे मी छातीठोक सांगू शकलो नसतो. त्या माणसाच्या नाकाबद्दल मी आता काही बोलणार नाही.

पण मग सूप आलं, कोबी-शेंगांचं, घट्ट, पाव आला, आणि साडूंनी पेला भरून घेतला तो उजवीकडच्या मोज्यातून. पुन्हा एकदा भरला. तेव्हाही उजवीकडूनच. पोराने विचारलं, "बाबा, मार्गो नको?"

"ती बघायला छान आहे," साडू म्हणाले. "जेवणावर हीच बरी."

ती कोणाची आहे हे पोराने यजमानाला सांगितलं. तो काही बोलला नाही. ताटलीत तळाशी उरलेल्या सुपात त्याने पेल्यातली उरलेली वाइन ओतली, ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ तोंडाला लावली. याला शाब्रो म्हणतात, या भागातली जुनी शेतकरी चाल. भुरक्याचा आवाज आमच्या पंगतीत शोभेल असा. मी लगेच तसंच केलं. साडूंनी आधी खिडकीकडे पाहिलं, रस्त्यावर कोणी नाही याची खात्री केली, आणि मग ताटली उचलली.

शनिवार

परतीची तयारी. भारतात येताना माणशी दोन लिटर आणता येते, म्हणजे प्रत्येकी दोन बाटल्या, चौघांच्या आठ. सुपरमार्केटात या आठांवरून तासभर खल. मेव्हणीने तिच्या वाट्याच्या दोन्ही सोतेर्न घेतल्या आणि विषय संपवला. माझ्या बायकोने एक सोतेर्न, एक साध्या पांढऱ्याची. मी एकच घेतली, संघाची तांबडी, भावासाठी. दुसऱ्या बाटलीची जागा साडूंनी मागून घेतली.

त्यांच्या ढकलगाडीत एक यादीतली बाटली होती, लाकडी खोक्यातली. बाकी दोन सहा युरोवाल्या, संघाच्या. घरी आल्यावर ते सामान भरायला बसले. खोकं त्यांनी तसंच ठेवलं. मग संघाच्या बाटल्या घेऊन खिडकीपाशी गेले आणि अंगठ्याच्या नखाने किमतीचा स्टिकर खरवडायला लागले. तो निघेना. मेव्हणीकडे गरम पाणी मागितलं.

"राहू द्या ना तो," मी म्हटलं. "आवडली ना तुम्हाला?"

"आवडली म्हणूनच घेतली," साडू खरवडत म्हणाले. "पण पुण्यात घरी लोक येतात."